तुम्ही विचारलंत म्हणून: मानेतली शीर शोधायला सोनोग्राफी कशाला?

मी भूलतज्ज्ञ आहे. मोठ्या ऑपरेशनआधी मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचणारी औषधं देण्याची नळी, घालावी लागेल म्हटलं, की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, इतक्या वर्षांचा अनुभव आहे ना तुम्हाला? मग सोनोग्राफीचं मशीन कशाला?"

अनुभव आहे, म्हणूनच मशीन मागवते.

शिकत होते तेव्हा शीर बोटांनीच शोधायचो. मानेतल्या मोठ्या स्नायूच्या दोन पट्ट्या जिथे वेगळ्या होतात तो त्रिकोण चाचपायचा, धमनीचा ठोका डाव्या हाताच्या बोटांखाली ठेवायचा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला सुई घालायची. बहुतेकदा जमायचं. एका आजोबांच्या वेळी नाही जमलं. सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळलं. सुई धमनीत गेली होती. बराच वेळ दाबून धरलं, तरी मान सुजली आणि त्यांचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. ती सूज मी अजून विसरलेली नाही. शीर प्रत्येकाच्या मानेत नेमकी पुस्तकातल्या जागी नसते.

आता प्रोब, म्हणजे सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग, मानेवर आडवा टेकवला की पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. हलकंच दाबलं की शीर चपटी होते, धमनी मात्र गोलच राहून उडत असते. टेबल डोक्याकडून खाली केलं की शीर टम्म फुगते. मान फार वळवली तर ती धमनीवर चढते, मग आरपार गेलेली सुई थेट धमनीतच. म्हणून मान मी थोडीच वळवते. शक्यतो उजवी बाजू घेते, तिथून हृदयाकडची वाट सरळ आहे.

पण नुसती शीर दिसून भागत नाही. सुई पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि शिकाऊ डॉक्टरला तेच टोक वाटतं. तो सुईच्या दांड्याचाही ठिपका असू शकतो, टोक तोवर मागची भिंत पार करून गेलेलं असतं. म्हणून प्रोब आधी पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा झाला की सुई जराशी पुढे, ठिपका उगवला की थांबायचं. असं पावलापावलाने.

सुईतून गाईडवायर, म्हणजे नळीला वाट दाखवणारी बारीक तार, गेली की डायलेटर, म्हणजे ती वाट रुंद करणारी जाडसर नळी, घालण्याआधी मी प्रोब उभा धरून तार शिरेतच आहे ना, ते बघते. सुईचं भोक बहुधा दाबून बंद होतं. धमनीत डायलेटर गेला तर तिथे टाके घालायची वेळ येऊ शकते. या अर्ध्या मिनिटासाठी सर्जन खोळंबले तरी चालतील.

उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ही पद्धत २००२ मध्येच सुचवली होती. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, ते वाटेल तिथे नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आमच्या थिएटरमध्ये एकच मशीन आहे. शेजारच्या केसमध्ये ते अडकलं असेल आणि तुमच्या माणसाला घाईची गरज नसेल, तर मी थांबते. बाहेर तुम्हाला जो उशीर वाटतो, तो कधीकधी एवढ्यासाठीच असतो.