रीफ टँकचा लाईट, आठवडा १४: हॅमर वाचला

माझ्या रीफ टँकमधला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरलच्या टाकीतला, हॅमर कोरल वाचला, हे आधी सांगून टाकतो. मागच्या नोंदीच्या वेळी तो फिकट पडून सांगाड्यात आत ओढला गेला होता. आता बोंडं पुन्हा फुगली आहेत आणि टोकांना हिरवा रंग परत येतोय. दोष सर्वस्वी माझा होता. लाईट बदलायचा खटाटोपही त्यातूनच सुरू झाला.

टाकी ७५ × ४५ × ४५ सेंटिमीटरची. मधोमध एकच एलईडी, पाण्यापासून ३० सेंटिमीटरवर. संध्याकाळी नुसता निळा चॅनल चालू असला की टाकी मला अंधारी वाटायची, म्हणून एके दिवशी निळा ४० टक्क्यांवरून थेट ७५ वर नेला. डोळ्यांना फरक जाणवला तो थोडासाच. पाचव्या दिवशी हॅमर आक्रसला, सांगाड्याच्या कडा उघड्या पडल्या आणि आठवडाभरात रंग धुवून काढल्यासारखा झाला. मी आधी पाण्यालाच दोष देत बसलो. क्षारता, नायट्रेट, खारटपणा, सगळं तपासून झालं, सगळं जागेवर. आणि खडकाच्या सावलीतला टॉर्च कोरल मात्र मजेत झुलत होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० च्या निळ्याला त्याच्या ४ टक्केही नाही. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाचं, म्हणजे झूझँथेलीचं, अगदी उलट. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच संपतो, खाली पोचतो तो निळा, आणि त्यांचं क्लोरोफिल तोच जोरात शोषून घेतं. त्यामुळे मला जी टाकी अंधुक दिसत होती, तिच्यात हॅमर भर दुपारच्या उन्हात उभा होता. प्रकाश झेपेनासा झाला की कोरल हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. प्रकाश कमी पडला तर शेवाळ वाढतं आणि रंग मळकट तपकिरी होतो. म्हणून तपकिरी फ्रॅग (कोरलचा लावलेला तुकडा) बघून मी हल्ली घाबरत नाही, पण फिकट दिसला की हात आधी डिमरकडे जातो.

लक्स मीटर यात कामाचा नाही, कारण तो डोळ्याच्याच हिशोबाने मोजतो. एका मित्राचा पार मीटर (शेवाळाला वापरता येणारा प्रकाश मोजणारा) उसना आणला. (‘पार वाट लागली’ मधला पार वेगळा, जरी माझ्या बाबतीत दोन्ही एकदमच लागू होते.) हा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन रंगभेद न करता मोजतो. उसना घेताना मात्र तो एलईडीचा निळा नीट वाचणारा आहे ना, हे विचारून घ्या. जुने सेन्सर निळ्यात कमी आकडा दाखवतात. शिवाय पाण्याखालच्या वाचनाला गुणक लावावा लागतो, तो मीटरच्या माहितीपत्रकात असतो.

सेन्सर एका पीव्हीसी पाइपाला केबल टायने बांधला आणि टाकीत १५ ठिकाणी फिरवला. क्लाऊन माशाच्या मादीला ते अजिबात पसंत पडलं नाही. तिने सेन्सरला धडका मारल्या, मग माझ्या अंगठ्याला. हॅमरच्या जागी आकडा आला ३१०. तिथे मला १०० ते १५० च्या दरम्यान हवा होता. आणि डाव्या कोपऱ्यातल्या वाळूवर? फक्त ३४. एकाच दिव्याखाली नऊपट फरक! निळा कमी केला असता तर हॅमर सुखावला असता, पण कोपऱ्यातले झोआ (बटणांसारखे छोटे कोरल) आणखी लांबुडके झाले असते. म्हणजे माझा दिवा ताकदीला कमी नव्हताच, त्याचा प्रकाश सगळा मधे सांडत होता.

मग पर्याय बघितले. मेटल हॅलाइड दिव्याची लहर मला अजूनही मोहवते, वाळूवर नाचणाऱ्या त्या प्रकाशरेषांना तोड नाही. पण एवढ्याशा टाकीत त्याची उष्णता म्हणजे चिलर आलाच. टी५ ट्यूबलाईटचा प्रकाश सगळ्यात सपाट, सावल्या जवळजवळ नाहीतच, पण नळ्या वर्षाच्या आत-बाहेर बदलत राहायच्या. मोठा, जास्त वॅटचा एकच एलईडी घ्यायचा मोह झाला होता. त्याने वाळूवरचे ३४ वाढले असते, पण मधले ३१० ही त्याच प्रमाणात वाढले असते.

शेवटी दोन लहान एलईडी घेतले, रुंद कोनाच्या भिंगांचे, वर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावून. दोघांत ३५ सेंटिमीटर अंतर, पाण्यापासून २५ वर. डिफ्यूझरमुळे थोडा प्रकाश खाल्ला जातो, पण वाळूवर लाल-निळ्या सावल्यांचा जो डिस्को चालायचा तो थांबला. नवं वाचन: हॅमर १२५, डावा कोपरा ८०, खडकाचा माथा २२०. मॉन्टीपोरा कोरल माथ्यावर गेला.

वेळापत्रक साधंच आहे: २ तास चढ, ५ तास पूर्ण, २ तास उतार. पांढरा १२ टक्क्यांवर, तोही माझ्या डोळ्यांची हौस म्हणून. सुरुवात निम्म्या ताकदीने केली आणि ६ आठवड्यांत हळूहळू वर आणलं. या वेळी घाई केली नाही.

एक गोष्ट अपेक्षेत नव्हती. प्रकाश सगळीकडे पोचल्यावर क्षारता भराभर उतरायला लागली. आधी दिवसाला ०.३ डीकेएच (क्षारतेचं एकक) जायची, आता ०.७. प्रकाश मिळाला की सांगाडा बांधणं वाढतं, हे वाचून माहीत होतं. पण डोसिंग, म्हणजे क्षारता भरून काढणारी रोजची मात्रा, वाढवायचं सुचायला मला ७ डीकेएचपर्यंत घसरलेला आकडा बघावा लागला. लाईट बदलणार असाल तर त्या महिन्यात टेस्ट किट हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट मिठाची. मीटर परत द्यायच्या आधी सहज दिव्याखालचं आवरण ओल्या फडक्याने पुसलं. माथ्यावर तेव्हा १९६ दाखवत होता, पुसल्यावर २२०. एवढा प्रकाश मिठाच्या पापुद्र्यात अडकला होता, आणि मी मात्र डिमरची टक्केवारी बघत बसलो होतो. आता दर रविवारी काच घासली की दिवेही पुसतो.

टॉर्चला नवी जागा पटलेली नाही, दुपारी तो अर्धाच उघडतो. त्याला या आठवड्यात थोडं खाली, सावलीकडे नेणार. मॉन्टीपोराच्या कडेला मात्र बारीकशी, नव्या वाढीची पांढरी किनार दिसायला लागली आहे, आणि एका बाजूने तो प्लगवरून (ज्या चकतीवर तो चिकटवलेला आहे तिच्यावरून) खडकावर उतरलाय.