सुईआधीची तयारी

रविवार, रात्री

शुक्रवारी सकाळच्या गाडीने जळगावला जायचं ठरलं. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी इंजेक्शन घ्यायचं आहे. चैत्राचं ऊन असं की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि इथे अमळनेरात आमच्या गल्लीत घरोघरी बिबड्या-कुरडया चालल्या आहेत. सकाळी मी सोऱ्या हातात घेतला, तर सुनेने काही न बोलता तो काढून घेतला. बरं वाटलं आणि वाईटही.

झोपेतून उठते तेव्हा बोट तळव्याकडे वाकलेलं असतं. डाव्या हाताने सरळ करावं लागतं. मग टक्‌ होऊन ते सुटतं आणि कळ मनगटापर्यंत जाते. दिवस चढला की जरा मोकळं होतं, पण कणीक तिंबायला घेतली की पुन्हा अडकतं. याला ट्रिगर फिंगर म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका नळीतून जाते. नळीच्या तोंडाशी एक कडं असतं. ते कडं जाड झालं आणि कंडरेवर गाठ आली की ती आत-बाहेर होताना अडते, परकराच्या नेफ्यातून नाडी ओवताना गाठ अडावी तशी. आणि शुगर असणाऱ्यांना हे जास्त होतं. एरवी शंभरात दोन-तीन जणांना, तर मधुमेह्यांत दहाच्या आसपास. मला शुगर आहेच.

सोमवार

पुण्याहून भाच्याने फोनवर काहीतरी पाठवलं होतं आणि ते वाचून मी पहिल्या भेटीआधी फार घाबरले होते. त्यात डुपिट्रेनच्या आजाराबद्दल होतं. त्यातही बोटं वाकतात, बहुतेक करंगळी आणि तिच्या शेजारचंच. पॅरिसचे शल्यचिकित्सक डुपिट्रेन यांनी १८३१ मध्ये त्याची शस्त्रक्रिया करून दाखवली, म्हणून त्यांचं नाव. त्यात तळव्याच्या कातडीखालचा पडदा आकसून दोरखंडासारखा ताठ होतो. तो विरघळवणारं एका जंतूपासून काढलेलं एन्झाइमचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते टोचल्यावर दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर डॉक्टर बोट हाताने ताणून सरळ करतात.

माझं ते नाही. डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. बोट एकदा सुटलं की माझा तळवा सपाट टेकतो. डुपिट्रेनमध्ये दोरखंड आवळला की तो टेकत नाही, दुसऱ्या हाताने ओढलं तरी बोट सरळ होत नाही. मग त्यांनी तळव्यातली ती गाठ चाचपली आणि मला बोट हलवायला लावलं. त्यांच्या बोटाखाली ती सरकताना मलाही जाणवली. ज्यांची बोटं वाकतात त्यांनी आधी एवढं तरी नीट दाखवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. दोन्हींत सुईच टोचतात, पण औषध अगदी वेगळं.

मंगळवार

तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट आला, ७.६. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाईल, आठवडाभरही. औषध स्टिरॉइडचं आहे, बोटात टोचलं तरी थोडं रक्तात उतरतंच. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी यंत्रावर तपासायची, वहीत लिहायची. गोळी मनाने वाढवायची नाही. आकडा फार चढला तर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करायचा. पट्ट्यांची नवी डबी आणली.

सुईचं दुखणं घडीभराचं, सोबत बधिर करायचं औषधही असतं. खरी तयारी त्यानंतरच्या आठवड्याची आहे, हे मला आता कळतंय.

बुधवार

मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "स्टिरॉइड शे म्हने ते. हाडं ठिसूळ व्हतस." त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्या माहेरी दम्यासाठी कुणी वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेतल्या आणि पाठ वाकली. मी त्यांना सांगितलं, हे एका जागी, एकदा, थेंबभर. फार तर पुन्हा एकदा. तरी नाही जमलं तर छोटासा छेद देऊन ते कडं मोकळं करतात, तेही बोट बधिर करून.

मग मी न विचारता त्यांना दुसरी गोष्टही सांगितली. सुईच्या जागची कातडी फिकट पडू शकते, काही महिने तशी राहू शकते. सावळ्या अंगावर ते लगेच दिसतं. आपल्याकडे पांढरा डाग दिसला की लोकांच्या मनात कोड येतं आणि मग बाईला काय काय ऐकावं लागतं. म्हणून आधीच घरात बोलून ठेवलेलं बरं. जाऊबाईंनी माझा हात हातात घेतला, बोट सरळ करून पाहिलं. "तुना हात दुखस ना वं," म्हणाल्या. त्यांनी आणलेली भरताची वांगी सुनेने भाजली.

गुरुवार, संध्याकाळ

अंगठी साबण लावून काढली. फार वर्षांनी निघाली, बोटावर गोरा पट्टा राहिलाय. नखं कापली. हाताला कुठे कापलेलं, चिघळलेलं नाही ना, ते पाहिलं, कारण जखम किंवा ताप असला तर सुई पुढे ढकलतात. रक्त पातळ करायची गोळी मी घेत नाही, ह्यांची आहे. तरी कागदावर माझ्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून ठेवली. दाढ काढताना बधिर केलं होतं तेव्हा त्रास झाला नव्हता, तेही लिहिलं.

उद्या घरी आल्यावर बोट काही तास सुन्न असेल, तेव्हा चुलीजवळ, तव्याजवळ जायचं नाही. रात्री ठणकलं तर बर्फ. काही दिवस पिळणं, तिंबणं, जड उचलणं बंद. गुण यायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. शुगर असली की गुण येण्याची शक्यता जरा कमी, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मनात सारखी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. लेक माहेरी येणार आणि खापरावरचे मांडे होणारच. पुरण भरलेली ती सैल पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची. त्यात बोट अडकलं की मांडा फाटतो. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवलं, अजून कुणाला मी शिकवलेलं नाही. आज सुनेला म्हटलं, या आखाजीला मांडे तू टाकायचे, मी शेजारी बसून सांगेन. ती घाबरली, पण हो म्हणाली. उद्यापरवा गहू भिजवून दळून आणायला हवेत, तिचा हात बसायला आधी थोडे करून बघू. डॉक्टरांना विचारायच्या यादीत शेवटचा प्रश्न घातला आहे: पीठ हातावर झेलायला कधीपासून परवानगी?