आमच्या लॅबमधला जॉबर

सोमवार, रात्री

आण्णांचा फोन आला होता. जेवलीस का, थंडी किती, हे सगळं झाल्यावर म्हणाले, "तुमच्या त्या रोबोटच्या खात्यात जॉबर कोण असतो गं?" उभा जन्म इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचा प्रश्न. माग मालकाचे, सूत व्यापाऱ्याचं, पण माग अडला की हाक जॉबरला. मी आपली प्राध्यापक, पोस्टडॉक, पीएचडीवाले अशी उतरंड सांगत बसले. ते म्हणाले, "ते आलं ध्यानात. चालू कोण ठेवतं?"

नेदरलँड्समधल्या एन्सखेडेत बसून हा प्रश्न ऐकायला गंमत वाटते, कारण जर्मनीच्या हद्दीला टेकलेलं हे गावही कापडाचंच. इथल्या सुती गिरण्या दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरच्या स्वस्त मालापुढं एकेक करून बंद पडत गेल्या. त्याच उतरत्या काळात, १९६१ साली, डेल्फ्ट आणि आइंडहोव्हनच्या पाठोपाठ नेदरलँड्समधलं तिसरं तांत्रिक विद्यापीठ ट्वेंटेला, म्हणजे याच भागाला, मिळालं. धोटा थांबला आणि रोबोट आला, असं लिहायला बरं वाटतं, पण त्या वाक्यात बेकारीची मधली वर्षं दडून जातात.

बुधवार

आज शाळेतली मुलं लॅब बघायला आली होती. ससाण्यासारखे पंख हलवत उडणाऱ्या रोबोट पक्ष्यांबद्दल विचारत होती. विमानतळावरची पाखरं हुसकवायला असा पक्षी याच विद्यापीठातून बाहेर पडलेल्या कंपनीनं केला होता. मुलांचं बरोबर आहे. आपणही आधी हलतं तेच बघतो.

माझा जीव मात्र आमच्या गटाच्या दुसऱ्याच चिजेवर आहे, आणि ती टेबलावर ठेवून दाखवता येत नाही. ती म्हणजे अर्ध्या टोकाचा बाण. एमआयटीतले हेन्री पेंटर मूळचे जलविद्युत केंद्रांचं काम करणारे. धरणाचं पाणी, टर्बाइन, जनित्र, तारा, सगळं एकाच साखळीत, आणि प्रत्येक खात्याची भाषा निराळी. त्यांच्या लक्षात आलं की व्होल्टेज गुणिले करंट, बल गुणिले वेग, दाब गुणिले प्रवाह, हे सगळे गुणाकार शेवटी एकच सांगतात: दर सेकंदाला ऊर्जा किती चालली. मग वीज, यंत्र आणि पाणी यांची वेगवेगळी चित्रं कशाला? भागाभागांमधली ऊर्जेची देवघेव अशा अर्ध्या टोकाच्या बाणांनी दाखवायची, ही पद्धत म्हणजे बाँड ग्राफ. तिचा जन्म ते स्वतः २४ एप्रिल १९५९ चा सांगत.

ती पद्धत यान व्हॅन डिक्सहोर्न यांनी ट्वेंटेत आणली. पीटर ब्रेडव्हेल्ड यांनी तिच्या पायाशी असलेल्या भौतिकशास्त्राचा पिच्छा पुरवला, तर यान ब्रूनिंक यांच्या संशोधनातून त्या बाणांवर चालणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. आजचं '२०-सिम' त्याच वळणाचं. योब व्हॅन अमेरोंगेन आले ते जहाजांच्या सुकाणूवर डेल्फ्टला डॉक्टरेट करून. समुद्र बदलला की सुकाणूनं स्वतःला कसं बदलावं, हा त्यांचा विषय होता, आणि त्यांच्या हाताखाली हा नियंत्रणशास्त्राचा गट मेकॅट्रॉनिक्सकडं, म्हणजे यंत्र, वीज आणि नियंत्रण यांची एकत्र रचना करण्याकडं, वळला. पुढं आले बोलोन्याला शिकलेले स्तेफानो स्त्रामिजोली. हे इटालियन गृहस्थ म्हणतात की रोबोटला जागा आणि वेग शिकवून भागत नाही, हातातून ऊर्जा किती सोडायची याचा हिशेब त्याच्या नियंत्रणातच हवा. साठवल्यापेक्षा जास्त बाहेर द्यायचीच नाही, असं बांधलं की माणसाला हात लागला तरी यंत्र बेभान होत नाही.

सहा माणसं, तीन देश, आणि बाण तोच. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात हे कुणीतरी सांगायला हवं. बहुतेकांना थेट मोटर नाहीतर कोड मिळतो.

गुरुवार

आज आमच्या सेक्रेटरीबाईंचा वाढदिवस. इथं ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. गटातल्या निम्म्या जणांचे निवासी परवाने, घरं, हरवलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या यांच्याच टेबलावरून मार्गी लागतात. तरी केकही त्यांचाच. मला हा रिवाज अजून पटत नाही.

शुक्रवार

मैत्रिणीचा प्रबंधरक्षणाचा समारंभ. काळ्या झग्यातले परीक्षक, उमेदवाराच्या शेजारी उभे दोन पॅरानिंफ (हे पाठराखे, पूर्वी उमेदवाराच्या मदतीला असत, आता बहुतेक सूट घालून उभे राहतात), आणि वेळ संपली की काठी घेऊन येणाऱ्या बाई. त्या "होरा एस्त" म्हणाल्या, म्हणजे वेळ झाली, की उत्तर अर्धं राहिलं तरी चालतं. मला हे फार आवडतं. आपल्याकडच्या तोंडी परीक्षांना अशी एक बाई हवी होती.

तिचं काम एमआरआयच्या आत चालणाऱ्या हवेच्या मोटरींवर. एवढ्या मोठ्या चुंबकाजवळ लोखंड न्यायचं नाही, साधी विजेची मोटर चालत नाही. म्हणून स्तनातल्या गाठीत सुई नेणारा रोबोट इथं अख्खा प्लास्टिकचा, थ्रीडी प्रिंटरवर केला गेला; वाल्व्ह लांब ठेवायचे आणि नळ्यांमधून हवेचे धक्के आत पाठवायचे. कागदावर सोपं. प्रत्यक्षात प्रिंट केलेल्या दोन भागांमधून हवा निसटते, आणि किती फट ठेवली तर दट्ट्या अडकणार नाही आणि हवाही धरेल, हे कुठल्या शोधनिबंधात सापडत नाही. ते वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाच्या बोटांना ठाऊक असतं. तो भाग हातात घेतो, अंगठ्यानं दट्ट्या ढकलतो आणि "पुन्हा कर" एवढंच म्हणतो.

प्रबंध हातात आला की मी आधी शेवटची ऋणनिर्देशाची पानं उघडते. शोधनिबंधांवर प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची नावं असतात; विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातात. तंत्रज्ञांची नावं सापडतात ती इथंच, आईवडील आणि मांजर यांच्या मधे कुठंतरी. प्रबंधामागून प्रबंधात तीच नावं. कोण किती वर्षं टिकून आहे ते गटाच्या माहितीपत्रकापेक्षा इथं लवकर कळतं. माझं मत विचाराल तर हवेची फट ज्यानं ठरवली त्याचं नाव निबंधाच्या पहिल्या पानावर असायला हवं. संध्याकाळी बिअर पिताना हे बोलून दाखवलं, तर दोन प्राध्यापकांनी मान डोलावली आणि तंत्रज्ञ म्हणाला, नको, मग मला निबंध वाचावा लागेल.

सोमवारी पुण्याहून एक नवा मुलगा रुजू होतोय. तो सोमवारच्या मीटिंगची चौकशी करत होता. त्याला कळवलंय की नऊ वाजता आधी वर्कशॉपच्या दाराशी ये, प्राध्यापकांकडं आपण अकराला जाऊ.