हात तेच राहतात

आमच्या इतिहासाच्या सरांनी नववीत युरोपातली सरंजामशाही शिकवली ती खडू खाली ठेवून. एका मुलाला खुर्चीत बसवलं, दुसऱ्याला त्याच्यापुढे गुडघ्यांवर. त्याने हात जोडायचे आणि खुर्चीतल्याने ते आपल्या ओंजळीत घ्यायचे. "आजपासून हा याचा माणूस," सर म्हणाले. मग खुर्ची रिकामी करवली. "आता समजा, इथे गढीची मालकीण बसलीय. आणि आता समजा, मेरीमाता. हात तेच राहतात."

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मनात हाच तास आला. माझ्या पुढच्या वाचनाची दिशा त्याने ठरवली: माणसावरचं प्रेम आणि देवाची भक्ती एकच भाषा कशी बोलतात.

बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधले त्रुबादूर कवी दरबारातल्या, बहुधा दुसऱ्याशी लग्न झालेल्या स्त्रीवर गाणी रचत. ती वरच्या पायरीवर, हा तिचा चाकर. त्याच शतकात फ्रान्समधल्याच क्लेरव्होच्या ख्रिस्ती मठाचा प्रमुख बर्नार्ड बायबलातल्या 'गीतरत्न' या प्रेमकाव्यावर मठवासीयांसमोर प्रवचनं करत होता. वधू म्हणजे जीव, वर म्हणजे देव. 1135 च्या सुमारास सुरुवात झाली. 1153 मध्ये तो वारला तेव्हा 86 प्रवचनं झाली होती, आणि काव्याचा जेमतेम तिसरा अध्याय सुरू झाला होता! प्रेमाच्या एकेका ओळीपाशी इतकं थांबायला केवढी ओढ लागत असेल. पुढच्या शतकात जर्मनीतल्या मेख्टिल्ड या साधिकेने तर आपल्या लेखनात जिवालाच दरबारी स्त्री करून देवाच्या भेटीला पाठवलं.

आणि मग इटलीचा कवी दान्ते. त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती बिआट्रिस 1290 मध्ये वारली. आपली ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे तेच साल. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात बिआट्रिसच त्याला स्वर्गातून वर वर नेते. शेवटी ती आपल्या आसनावर परतते, एकदा हसून त्याच्याकडे बघते आणि देवाकडे वळते. त्याच्यासाठी मेरीची प्रार्थना करायला येतो तो हाच बर्नार्ड. हा प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी गळा दाटतो.

शाळेतच मराठीच्या बाईंनी ज्ञानेश्वरांची 'घनु वाजे घुणघुणा' ही विरहिणी शिकवली होती. तिथे ज्ञानेश्वर स्वतः विरहिणी होतात आणि कान्ह्यासाठी तळमळतात. दान्ते पुरुषच राहतो. ज्या मुलीवर तो लहानपणापासून जीव लावून होता, तीच त्याला देवापर्यंत पोचवते. मला दोन्ही वाटा सारख्याच खऱ्या वाटतात. त्या एकाच शाळेत, दोन शिक्षकांनी मला दाखवल्या.