टेबलाखालचा थेंब

गोदामं, गॅरेज यांच्या जमिनींवर लेप द्यायची कामं मी पुष्कळ केली आहेत. तिथे तेलाशी गाठ असते. पॉटरी स्टुडिओत गाठ मातीशी. वाळलेल्या मातीत सिलिकाची फार बारीक धूळ असते. वर्षानुवर्षं ती श्वासातून फुफ्फुसात जात राहिली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. उघडं काँक्रीट ही धूळ छिद्रांत धरून ठेवतं आणि कुणी चाललं की पुन्हा हवेत सोडतं. स्टुडिओच्या मॅडमना म्हणूनच जमीन सील करून हवी होती. झाडू बंद, फक्त ओला पोछा.

आधी मी पाण्याचे थेंब टाकत फिरलो. भांडी घडवायच्या चाकांच्या रांगेत थेंब पडला की लगेच जिरत होता, भट्टीजवळही तसंच. भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, द्यायच्या टेबलाखाली मात्र तो गोल उभा राहिला. मॅडम खूश. "म्हणजे हा भाग चांगलाय ना? इथला खर्च वाचला!"

मला तिथेच शंका आली. जी जमीन पाणी आत घेत नाही, ती इपॉक्सीला, म्हणजे वर द्यायच्या रेझिनच्या कडक थराला, काय धरणार? नखाने खरवडलं तर मऊ, पातळ पापुद्रा निघाला. इथे काय सांडतं म्हणून विचारलं, तेव्हा मॅडमनी मांडणीवरची बाटली दाखवली. वॅक्स रेझिस्ट! भांडं भट्टीतल्या शेल्फला चिकटू नये म्हणून त्याच्या बुडाला लावतात ते मेण. बुडाला ग्लेझ धरू द्यायचं नाही हे त्याचं काम, आणि जमिनीवरही ते तेच काम चोख करत होतं.

माझ्या हाताखालच्या पोराने आम्लाचा कॅन उचलला होता. त्याला थांबवलं. आम्ल सिमेंटला खातं, मेणाला नाही. थेट ग्राइंडर फिरवला असता तर घर्षणाच्या उष्णतेने मेण वितळून आजूबाजूला फासलं गेलं असतं. मग पात्याने खरवडणं, गरम पाणी, चिकटा काढणारं डीग्रीझर, ब्रश, मळी उपसणं, पुन्हा थेंब. दुपार त्यातच गेली. थेंब जिरू लागला तेव्हा कुठे व्हॅक्यूम जोडून ग्राइंडर लावला, सगळ्यांना मास्क घालायला लावून. नंतर 24 तास प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. खालून ओल आली नाही, ते बरं झालं.

भट्टीवरून मात्र वाजलंच. मॅडमना सगळीकडे सारखी चमक हवी होती. साधं इपॉक्सी 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून भट्टीखाली ते मारायला मी नकार दिला. तिथे लिथियम सिलिकेट दिलं. ते काँक्रीटमध्ये शिरून आतल्या चुन्याशी जुळतं आणि पृष्ठभाग कठीण करतं. वर उकलण्यासारखा थर राहतच नाही. जमीन दोन रंगांची दिसणार, हे त्यांनी नाखुशीने मान्य केलं. चाकांजवळ ओल्या मातीवर पाय सटकू नये म्हणून इपॉक्सीत रेती टाकायची होती. जाड रेतीत पोछा अडकतो म्हणून त्या अडून बसल्या. ते त्यांचं बरोबर होतं, बारीक टाकली.