छतावरचे ऊन आणि जूनमधला अंधार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत विजेचे खांब आडवे झाले आणि घरात पुन्हा दिवा लागायला कित्येक आठवडे गेले. गेल्या वर्षी आईने छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले, तेव्हा तिच्या मनात वीजबिलापेक्षा तो अंधारच अधिक होता. म्हणूनच वीज गेली की पॅनेलही बंद पडते हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला.

अनुदानातून बसणारी बहुतेक यंत्रणा महावितरणच्या वाहिनीला जोडलेली असते. वाहिनी बंद झाली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, कारण तो चालू राहिला तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे छतावर लख्ख ऊन असतानाही घरातला पंखा फिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे वाहिनी बंद असतानाही पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवू शकणारा इन्व्हर्टर, आणि त्याच्या जोडीला बॅटरी.

2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांसाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. बॅटरी हवी असेल तर स्वखर्चाने बसवता येते, मात्र तिच्यासाठी वेगळे अनुदान नाही.

नेट मीटरमुळे दिवसा वाहिनीला दिलेली युनिटे रात्रीच्या वापरातून वजा होतात, म्हणजे वाहिनी हीच आपली बॅटरी, असा यामागचा हिशेब असावा. पुण्यातल्या सोसायटीला तो पुरेसा आहे, पण पावसाळ्यात जिथे झाड पडले की दिवसदिवस वीज येत नाही, तिथे तो केवळ बिलावरच जुळतो. बॅटरीला सरकारी पैसा देणे आपल्याकडे नवीनही नाही. मोठ्या साठवण प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याचा निर्णय केंद्राने सप्टेंबर 2023 मध्येच घेतला. ऑस्ट्रेलियात तर 1 जुलै 2025 पासून सौर यंत्रणेला जोडलेल्या घरगुती बॅटरीवर सुमारे 30 टक्के सवलत मिळते, आणि मेलबर्नच्या माझ्या मावसबहिणीने ती घेतली, हे ऐकल्यापासून आईचा प्रश्न अधिकच नेमका झाला आहे: मोठ्या बॅटरीला पैसा मिळतो, मग घरातल्या बॅटरीला का नाही?

आमची मागणी मोठी नाही. दोन पंखे रात्रभर, चार एलईडी दिवे झोपेपर्यंत, फ्रीज आणि फोनचे चार्जिंग, हे सगळे तीन युनिटांच्या आत बसते. किनारपट्टीच्या तालुक्यांपुरते आणि एवढ्याच क्षमतेपुरते अनुदान दिले, तरी कितीतरी घरांचा पावसाळा सुसह्य होईल. आम्ही तूर्त पदरचे जास्त पैसे घालून हायब्रिड इन्व्हर्टर घेतला आहे आणि पडवीतल्या कोरड्या भिंतीवर बॅटरीपुरती जागा मोकळी ठेवली आहे.