तासाभराने सांगते

"नाही" म्हणायला शिकायचंय, म्हणून कोच ताईंकडे जाते. आज तिसरं सेशन. कोथरूडला पोचले तेव्हा कर्वे रोडचे हॉर्न अजून डोक्यात वाजत होते. ताईंनी काही विचारलं नाही. ट्यूबलाइट घालवली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पाच मिनिटं दोघी गप्प. मग म्हणाल्या, "नाही म्हणायचं असतं तेव्हा आधी कुठे जाणवतं?" माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"किती मनाला लावून घेतेस गं!" हे लहानपणापासून ऐकतेय. इलेन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली याच अतिसंवेदनशीलतेवर शोधनिबंध लिहिला. हा आजार नाही, स्वभावाचा भाग आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडूच आलं होतं. (कोचिंग म्हणजे उपचार नव्हे, हेही ताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. फार बरं वाटलं.)

संध्याकाळी आतेबहिणीचा फोन. रविवारी ३० माणसांचं केळवण, सकाळी सातपासून मदतीला ये. गळा आवळला. एरवी लगेच "हो" म्हटलं असतं. आज म्हटलं, "तासाभराने सांगते."

मग फोन केला. "अकराला येते, पोळ्या माझ्याकडे. जेवणं झाली की निघेन."

"बरं, मी पुरण शिजवून ठेवते," ती म्हणाली.